पडदा आणि आपली दृष्टी



१९३८ साली ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि मोठी खळबळ उडाली. परंतु ब्रह्मचाऱ्याचे व्रत ढळणे हाच अत्र्यांच्या त्या कथेचा विषय होता. प्रसंगास प्रयोजन होते. आज चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर पुष्कळदा स्त्रीपात्राची वस्त्रे निष्कारण उतरविली जातात. तो प्रसंग गाळला तरी कथेचे काही अडत नाही. मग तो कोणासाठी? पाहणाऱ्या पुरुषांसाठी. बोल मात्र लागतो नटीला! आम्हीही शिक्षक असताना मुलींना पोशाखाविषयी पुष्कळ उपदेश केला. मुलांना दृष्टीविषयी एकदाही नाही. ती आमची चूक होय. तो राहिलेला पाठ पालकांनी आता आपापल्या घरी, मुलग्यांपासून, सुरू करावा, हीच विनंती.