पहाटेपूर्वीची जाग आणि परीक्षार्थीची झोप



स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. अकराला झोप लागते, तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. पुष्कळांना ही मनाची दुर्बलता वाटते. वस्तुतः तो शरीरव्यापाराचा प्रश्न आहे.

झोप ही एकसलग अवस्था नसते. सुमारे ९० मिनिटांची चार ते सहा आवर्तने रात्रभरात होतात व दोन आवर्तनांच्या सांध्यावर मनुष्य जागेपणाच्या उंबरठ्याशी येतो. गाढ झोपेचा मोठा वाटा पूर्वरात्रीच संपतो. उत्तररात्री झोप उथळ होते, स्वप्नावस्था वाढते. दिवसभर साठलेली झोपेची ओढ तोवर बरीच ओसरलेली असते आणि शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागलेले असते. तेव्हा तीनला जाग येणे हा स्वतः विकार नव्हे. घड्याळ पाहणे, परीक्षेला उरलेले दिवस मोजणे, आता झोप न आल्यास उद्याचा अभ्यास बुडेल ही धास्ती, यांतून विकार घडतो. काही रात्रींतच अंथरूण आणि काळजी यांची सांगड मेंदूत पक्की होते.

‘जाग आलीच आहे, तर अभ्यासच करू’ हा विचार स्वाभाविक आहे, आणि ब्राह्ममुहूर्ताचा दाखला त्यासाठी दिला जातो. परंतु लवकर उठण्याची ही शिकवण रात्री लवकर निजणाऱ्या समाजातली आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. चरकसंहितेने तर निद्रेला आहाराच्या बरोबरीने शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे. १९२४ मध्ये जेन्किन्स व डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करवून घेतले, तेव्हा तितकाच वेळ जागे राहण्यापेक्षा झोपेनंतर ते अधिक आठवतात असे आढळले. झोप कापून मिळवलेले दोन तास आदल्या दिवसाच्या वाचनातूनच वजा होतात.

आपल्या देशात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरते. पण जूनमध्ये दिब्रुगडला साडेचारच्या आतच सूर्य उगवतो, तर भुजला सहा वाजून जातात. प्रकाश हा शरीरातील घड्याळाचा मुख्य नियंता असल्याने ईशान्येकडील विद्यार्थ्याने खिडकीला जाड पडदा लावणे ही चैन नव्हे.

उपाय साधे आहेत, पण नेटाने करावे लागतात. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, रात्र कशीही गेली तरी. झोप भरून काढण्यासाठी लवकर अंथरुणात शिरू नये; त्याने जाग उलट वाढते. चहा-कॉफीतील कॅफीन निम्मे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात, म्हणून सायंकाळचा चहा रात्रीही अंगात असतोच. पंधरा-वीस मिनिटांत झोप परतली नाही, असे घड्याळ न पाहताही जाणवते. तसे वाटल्यास उठून मंद प्रकाशात काही नीरस वाचावे आणि डोळे जड झाल्यावरच परतावे. ही पद्धत रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली. अंथरूण केवळ झोपेसाठी, हा तिचा गाभा. वसतिगृहातील एकाच खाटेवर वाचन, जेवण व झोप उरकणाऱ्यांना हे अवघड जाते, याची मला जाणीव आहे. निदान वाचनापुरती जमिनीवर सतरंजी अंथरावी. मनातील चिंता सायंकाळीच कागदावर उतरवाव्यात.

झोपेच्या गोळ्या मित्राकडून घेऊ नयेत. दीर्घकालीन निद्रानाशावर गोळ्यांआधी विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली.

आठवड्यातून तीन रात्री, सलग तीन महिने असे घडत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. सोबत उदासी असेल, कशातच रस उरला नसेल, तर मात्र तीन महिने थांबू नये. अकाली जाग हे नैराश्याचेही लक्षण असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते, अगदी पहाटे तीनलाही.