दूरच्या ओळखी

सकाळीं आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या पुलावर उभें राहून खालीं पाहिलें, तर फलाटावर प्रत्येक डब्याच्या जागीं माणसांचे ठराविक पुंजके दिसतात. तीच माणसें, तीच जागा, तीच गाडी. वर्षानुवर्षें एकाच दाराशीं लटकत आलेल्या या मंडळींस एकमेकांच्या मुलांचे परीक्षेंतील गुण ठाऊक असतात. कोणाच्या घरीं लग्न निघालें आहे हेंहि ठाऊक असतें. परंतु त्यांच्यापैकीं एखाद्याची नोकरी सुटली, तर ती वार्ता मात्र या पुंजक्याला सर्वांच्या शेवटीं कळते. नोकरी सुटलेला गृहस्थ कांहीं दिवस जेवणाचा डबा घेऊन त्याच गाडीनें निघतो, ठाण्यास उतरतो, तलावपाळीवर दुपार काढतो आणि नेहमींच्या वेळीं घरीं परततो. मध्यमवर्गाला हा प्रसंग नवा नाहीं. नवें आहे तें एवढेंच कीं, आज त्याच्या खिशांत असें एक यंत्र आहे, ज्याच्या योगानें आपली अडचण घटकेंत पांचशें माणसांस कळविणें त्याला शक्य आहे. आणि नेमकें तेंच करण्यास त्याचा हात धजत नाहीं.

ओळखीनें नोकरी लागणें ही गोष्ट या भागांत आगगाडीइतकीच जुनी म्हणावी लागेल. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, पुढच्या वर्षीं ती कल्याणपर्यंत पोंचली, आणि मुंबईच्या कामधंद्याशीं या गांवांची गांठ पडली ती कायमची. मुंबईच्या कापडगिरण्यांत कोंकणांतून अथवा घाटावरून आलेला तरुण प्रथम गांवकऱ्यांच्या खोलींत उतरे, आणि गांवचाच कोणी मनुष्य त्याला जॉबरापुढें नेऊन उभा करी. जॉबराची मर्जी हीच भरतीची कसोटी. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर आयोगानें १९३१ च्या अहवालांत या पद्धतींतील लांचलुचपतीवर कडक टीका केली होती. तथापि ओळखीचें महत्त्व त्यामुळें कमी झालें नाहीं. सुशिक्षितांनीं तिला ‘वशिला’ हें नांव दिलें, दुसऱ्याच्या वशिल्याची निंदा केली, आणि स्वतःच्या मुलासाठीं ‘साहेबांकडे एक शब्द टाका’ असें सांगण्यास लग्नकार्यांत सोयीची वेळ शोधली.

ही ओळख तारक असते तशी बांधून ठेवणारीहि असते. कैवान मुंशी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनीं दादरच्या शाळांत सुमारें वीस वर्षांत दाखल झालेल्या मुलामुलींचा अभ्यास करून २००६ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. श्रमजीवी जातींतील मुलांना जातभाईंच्या ओळखीनें ठराविक कामें मिळण्याची खात्री असे. म्हणून नव्या अर्थव्यवस्थेंत इंग्रजी शिक्षणाचें मोल वाढलें असतांहि हे मुलगे मराठी शाळांकडेच अधिक वळत राहिले. त्यांच्या बहिणींना असा कोणाचाच आधार नव्हता. त्या इंग्रजी शाळांत गेल्या आणि नव्या नोकऱ्यांच्या वाटेवर भावांपेक्षां पुढें सरकल्या. ज्या दोरीनें भावाला वर ओढून घेतलें, तिनेंच त्याला एका जागीं खिळवूनहि ठेवलें, असा या अभ्यासाचा अर्थ होतो.

मग उपयोगी पडते ती ओळख कोणती? या प्रश्नाचें उत्तर अमेरिकेंतील मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानें १९७३ सालीं दिलें, आणि तें बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. बॉस्टनजवळील एका उपनगरांत, ओळखीच्या माणसाकडून नोकरीची बातमी मिळालेल्या लोकांस त्यानें विचारलें कीं, तो मनुष्य तुम्हांला त्या काळांत कितीदां भेटत असे? वारंवार भेटणारा होता असें सांगणारे शेंकडा १७ च्या आंतच निघाले. अधूनमधून भेटणारा, असें म्हणणारे शेंकडा ५६ च्या जवळपास. आणि वर्षाकाठीं एकदांच, किंवा तेवढेंहि न भेटणारा, असें म्हणणारे शेंकडा २८. पाहणी लहानशी होती, अवघ्या ५४ जणांची. पण तिच्यामागील कारण सहज पटण्याजोगें आहे. सख्खा भाऊ, शेजारी, जिवलग मित्र यांना जें ठाऊक असतें तें बहुधा नोकरी शोधणाऱ्यालाहि ठाऊक असतेंच. अपरिचित बातमी येते ती अर्धवट परिचयाच्या माणसाकडून. कारण त्याचा वावर निराळ्या वर्तुळांत असतो.

पुढें लिंक्डइन या माध्यमावरील सुमारें दोन कोटी लोकांच्या पांच वर्षांच्या व्यवहारावर केलेले प्रयोग २०२२ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले, आणि ग्रॅनोव्हेटरचें म्हणणें मोठ्या प्रमाणावर पडताळून पाहतां आलें. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मध्यम दूरच्या ओळखी. अगदीं परक्याहि नव्हेत, आणि अगदीं घरच्याहि नव्हेत. संगणकाच्या आधारें चालणाऱ्या धंद्यांत दूरच्या ओळखीचा लाभ विशेष दिसला; ज्या धंद्यांत संगणकाचा शिरकाव कमी, तेथें जवळच्या ओळखीच अधिक कामास आल्या. ठाणें-कल्याण पट्ट्यांतील घरांनीं हा भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. ऐरोलीच्या संगणक कचेरींत जागा शोधणाऱ्या मुलीनें जुन्या महाविद्यालयांतील विसरलेल्या सहाध्यायांस लिहावें हें योग्य. पण डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत फिटरचें काम पाहणाऱ्याला पूर्वीच्या कारखान्यांतील फोरमनचा एक दूरध्वनि शंभर संदेशांहून जास्त उपयोगी पडेल. त्यानें लिंक्डइनवर छायाचित्र चढविण्यांत आठवडा घालविला, तर तो आठवडा वायां गेला असेंच समजावें.

लिहावें तें कसें, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, परंतु गाडें बहुधा येथेंच अडतें. ‘कोठें कांहीं असल्यास कळवा’ असा संदेश वाचणाऱ्याला सहानुभूति वाटते, पण सुचत कांहींच नाहीं. कारण ‘कांहीं’ या नांवाची जागा कोणत्याच कचेरींत रिकामी नसते. याउलट एखाद्यानें असें लिहिलें कीं, ‘औषधांच्या घाऊक व्यापारांत हिशेब आणि जीएसटीचें काम बारा वर्षें केलें आहे, ठाणें, भिवंडी किंवा कल्याण येथें जागा हवी, महिनाअखेर रुजू होतां येईल,’ तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ताबडतोब एखादें दुकान अथवा एखादा मालक उभा राहतो. हा मजकूर तो जसाच्या तसा पुढें पाठवूं शकतो. स्वतःची भर घालावी लागत नाहीं. कंपनीनें काढलें कीं आपण सोडली, याचा लांबलचक खुलासा या संदेशांत नसावा. पूर्वीच्या मालकाविषयीं कडवट शब्द तर मुळींच नसावा. तो शब्द फिरत फिरत कोणत्या मेजावर जाऊन पडेल याचा नेम नाहीं.

मूल लहान म्हणून पांचसात वर्षें घरीं राहिलेल्या स्त्रियांची अडचण आणखी निराळी आहे. ‘मधल्या काळांत काय केलें?’ या प्रश्नाला त्या भितात. लिंक्डइननें २०२२ पासून अशा खंडाची नोंद उघडपणें करण्याची सोय ठेवली आहे. ती सोय घ्यावी. लपविलेल्या वर्षांवर लोकांचा संशय अधिक. आणि शाळेच्या पालकांचा जो व्हॉट्सॲप गट गृहपाठ व गणवेश यांच्या चर्चेनें गजबजलेला असतो, त्यांत कोणी बँकेंत, कोणी विमा कंपनींत, कोणी दवाखान्याच्या कचेरींत काम करीत असतें, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. ग्रॅनोव्हेटरला अभिप्रेत असलेली दूरची ओळख हीच.

याच मार्गानें चोरहि येतात, आणि त्यांचें सावज हें अधीर मनुष्यच असतें. घरबसल्या काम, दृकश्राव्य फिती पाहून पसंती नोंदवायची आणि प्रत्येकीमागें थोडे रुपये मिळवायचे, असा निरोप येतो. पहिल्या दिवशीं पैसे खरोखरच जमा होतात. मग टेलिग्रामवरील एका गटांत घेतलें जातें, ‘मोठ्या कामा’साठीं अनामत मागितली जाते, आणि ती भरल्यावर आणखी. अशा फसवणुकीस वाहिलेलीं शंभराहून अधिक संकेतस्थळें केंद्रीय गृहमंत्रालयाच्या शिफारशीनें डिसेंबर २०२३ मध्यें बंद करण्यांत आलीं. परंतु याहून भयंकर प्रकार परदेशच्या नोकरीचा. समाजमाध्यमांवरील जाहिरातींस भुलून थायलंडला निघालेले तरुण म्यानमारच्या सीमेवरील कुंपणबंद वसाहतींत डांबले गेले, आणि त्यांच्याकडून इतरांना फसविण्याचें काम करून घेण्यांत आलें. मार्च २०२५ मध्यें भारतीय वायुदलाच्या विमानांनीं दोन खेपांत ५४९ भारतीयांना तेथून परत आणलें. नोकरी देणारा पैसे मागूं लागला, किंवा कामाच्या व्हिसाऐवजीं पर्यटकाच्या व्हिसावर चलण्यास सांगूं लागला, कीं तेथेंच थांबावें. परदेशीं पाठविणारा दलाल सरकारी नोंदणींत आहे कीं नाहीं, तें ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहतां येतें. पैसे गेलेच, तर लाजेनें दोन दिवस काढूं नयेत. १९३० या क्रमांकावर लगेच कळविल्यास रक्कम वाटेंत अडविली जाण्याची आशा असते, उशिरानें ती उरत नाहीं.

लाज हाच या सर्व प्रकरणांतील खरा अडथळा. नोकरी जाणें हा गुन्हा नव्हे, हें तोंडानें सर्वच म्हणतात. पण सोसायटीच्या गटांत तें लिहितांना मुलीच्या लग्नाची बोलणीं आठवतात, घराचें कर्ज आठवतें, आणि लिहिलेलें पुसून टाकलें जातें. या भीतीला निव्वळ भ्रम म्हणतां येणार नाहीं. ज्याला ती जाचते, त्यानें गटांत न लिहितां दहा माणसांना वेगवेगळें लिहावें. थोडे श्रम अधिक, पण उत्तरेंहि अधिक येतात. गटांत विचारलेला प्रश्न सर्वांना असतो म्हणून कोणालाच नसतो. एकट्याला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणें मात्र त्याला भाग पडतें.

मार्च २०२० मध्यें लोकलगाड्या सर्वसामान्यांस बंद झाल्या, त्या फेब्रुवारी २०२१ पर्यंत. आणि त्यानंतरहि पुन्हां कांहीं महिने. फलाटावरचे ते पुंजके तेवढा काळ केवळ व्हॉट्सॲपवर जिवंत राहिले. गाड्या सुरू झाल्या तरी गट मोडले नाहींत. आजहि त्यांत सकाळीं सुविचार येतात, गाडी किती मिनिटें उशिरा आहे तें येतें, सणाला फुलांचीं चित्रें येतात. अशा गटांत एखाद्या रात्रीं कोणी धीर करून नोकरी गेल्याचें लिहितो. जोडलेल्या हातांचीं वीसपंचवीस चित्रें उमटतात आणि गट शांत होतो. मग अकराच्या सुमारास एकच निराळा निरोप येतो: भिवंडीच्या गोदामांत हिशेबनीस पाहिजे आहे, बायोडाटा धाडा. धाडणारा असतो तो डब्यांत चौथ्या सीटवर अर्धा टेकून बसणारा, सहा वर्षांत चार शब्दांहून अधिक न बोललेला गृहस्थ. आणि त्याचें आडनांव काय, हें विचारण्यासाठीं आतां दुसऱ्या कोणाला तरी लिहावें लागतें.