गुंता सोडविण्याची विद्या



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात बांबूच्या दाट बेटातून एक काठी तोडून ओढली, तर सारे बेट हलते. संगणकाच्या मोठ्या कार्यक्रमांचेही तसेच असते.

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास घडविलेल्या 'सी' भाषेत सामाईक व्याख्या हेडर फायलींत ठेवतात. एक हेडर फाईल दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. मग एकीत एक ओळ बदलली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या फायली पुन्हा कंपाइल कराव्या लागतात.

लिनक्सच्या गाभ्यात अशा दहा हजारांवर हेडर फायली साठल्या होत्या. इंगो मोलनार यांनी वर्षाहून अधिक काळ खपून जानेवारी २०२२ मध्ये २,२९७ दुरुस्त्या मांडल्या. उपाय साधेच होते. मोठ्या फायलीचे लहान भाग केले. जेथे केवळ पॉइंटर हवा, तेथे पूर्ण रचना न आणता तिचे नाव तेवढे जाहीर केले. त्यांच्या चाचण्यांत कंपाइलचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढला. तरीही या दुरुस्त्या एकदम स्वीकारल्या गेल्या नाहीत. काही भाग तपासून घेतले गेले.

विद्यार्थ्यांनो, जे लागते ते स्वतः मागवा; दुसऱ्या फायलीने आयते आणले म्हणून विसंबू नका. ती हटली की तुमचे काम अडेल. आणि पालकांनो, मुलाने दिवसभर बसून नवे काही दाखविले नाही, तर वेळ वाया गेला असे समजू नका. कदाचित तो गुंता सोडवीत असेल.