घरचा संगणक आणि बिनपगारी राखणदार

इ. स. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. तेथील जुन्या मराठी वाड्यांना थोरले दरवाजे असत, दरवाज्याला दिंडी असे आणि दिंडीला आतून अडसर. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर अडसर नीट बसला आहे की नाही, हे पाहून येण्याचे काम घरातील वडील माणसाचे. आता त्याच वाड्यांच्या माडीवर संगणक आला आहे. त्याचीही एक दिंडी आहे, ती अष्टौप्रहर उघडी असते, आणि तिच्यावर नजर ठेवण्याचे काम कोणाचे, हे मात्र बहुतेक घरांत ठरलेले नसते.

असे एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. दौलतगंजात, फालका बाजारात किंवा नव्या बाजाराच्या एखाद्या बोळात ते सहज सापडेल. निवृत्त आजोबा, नोकरी करणारा मुलगा, सून आणि परीक्षांचे अर्ज भरण्याच्या वयाला आलेला नातू. आजोबांनी दोन वर्षे खपून घराण्याच्या पेटीतील मोडी कागदांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवली आहेत. मूळ कागदांना कसर लागलेली, काही तर हात लावताच तुटणारे. नातू एके दिवशी अर्जाची प्रत छापून घेण्यासाठी पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. त्या दुकानातील यंत्राला दिवसभरात पन्नास जणांचे पेनड्राइव्ह लागतात. नातू घरी येतो, तोच पेनड्राइव्ह घरच्या संगणकाला लावतो आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना आपल्या सर्व फोल्डरांच्या जागी बाणाची खूण असलेली पोकळ चिन्हे दिसू लागतात. त्यांवर टिचकी मारावी, तर आत काही सापडत नाही.

दुरुस्तीवाला येतो, मान हलवतो आणि म्हणतो, “सारे पुसून नव्याने भरावे लागेल.” आजोबा खुर्चीत बसून राहतात. सून मात्र म्हणते, “बाबा, आज काहीच पुसू द्यायचे नाही. आधी काय झाले आहे ते कळू दे.”

सुनेचे हे एक वाक्य त्या घराला तारून नेते. कारण या जातीचा विषाणू फायली बहुधा नष्ट करीतच नाही. तो त्यांच्यावर ‘लपविलेल्या’ अशी खूण करतो आणि त्यांच्या जागी आपली बनावट चिन्हे मांडून ठेवतो, म्हणजे घरच्या माणसाने त्या चिन्हावर टिचकी मारली की तो पुन्हा जागा होतो. विषाणू काढून लपविलेल्या फायली दाखविण्याची सोय चालू केली की कागद जागच्या जागी सापडतात. ते खरोखर नाहीसे झाले असते ते सर्व पुसण्याच्या उपायाने. रोगाहून औषध घातक ठरण्याचा हा प्रकार संगणकाच्या बाबतीत वरचेवर घडतो.

विषाणू हे नाव भीतिदायक असले तरी वस्तू साधी आहे. संगणकाने पाळावयाच्या आज्ञांची माळ म्हणजे आज्ञावली, आणि विषाणू हीही एक आज्ञावलीच. मात्र ती स्वतःच्या प्रती काढते आणि एका यंत्रातून दुसऱ्यात शिरते. घरगुती संगणकांत सर्वदूर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातले होते. आज असा प्रामाणिकपणा कोणी दाखवीत नाही. हल्लीची बरीचशी विषवल्ली पैशासाठीच लावलेली असते, आणि तिच्यातील सर्वांत चोरटी जात म्हणजे स्पायवेअर. ती काही मोडत नाही, पुसत नाही. कळफलकावर कोणती अक्षरे दाबली, बँकेच्या पानावर कोणता परवलीचा शब्द घातला, एवढे मुकाट्याने टिपून परक्याला कळविते. वाड्यात शिरून काहीही न चोरता फक्त किल्ल्यांचे ठसे घेऊन जाणाऱ्या माणसासारखी तिची रीत आहे.

या उपद्रवाशी झगडण्याच्या कामात मराठी माणसाचा वाटा लहान नाही. मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत. पुढे ते संगणक दुरुस्तीत शिरले. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळू लागला, तेव्हा संगणकशास्त्र शिकत असलेले त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी तो काढण्याच्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यातूनच १९९० नंतरच्या दशकात ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस उभे राहिले आणि २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात दाखल झाली. त्यांचा मुख्य माल विकतचा आहे, आणि त्यात गैर काही नाही. परंतु केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले, तेव्हा संगणक साफ करण्याचे विनामूल्य साधन याच कंपनीच्या सहकार्याने लोकांना देण्यात आले. पुढे आणखी भारतीय कंपन्यांची साधनेही त्यात आली. परक्याच्या हुकमाने राबणारे ‘बॉट’ आपल्या संगणकात घुसले असतील, तर ते या साधनाने शोधून काढता येतात. सरकारी संकेतस्थळावरून ते कोणालाही उतरवून घेता येते. ज्या घरात दरमहा वीजबिल आणि शिकवणीची फी यांचाच मेळ बसत नाही, तेथे ही गोष्ट माहीत असणे फार उपयोगाचे आहे.

पण त्याहूनही जवळचा राखणदार बहुतेकांच्या घरात आधीच बसलेला असतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्येच ‘डिफेंडर’ नावाचे संरक्षण घालून दिले आहे. त्याचे निराळे पैसे पडत नाहीत. पूर्वी त्याला हिणवण्याची रीत होती. आता घरगुती वापराला ते पुरेसे आहे, असे जाणकार सांगतात. ते चालू आहे की नाही, एवढे पाहावे. सुनेने त्या संध्याकाळी नेमके हेच केले. एका दुकानदाराने कधीकाळी भरून दिलेल्या, मुदत संपलेल्या दुसऱ्याच अँटिव्हायरसमुळे डिफेंडर निजलेला होता. दोन पहारेकरी एका देवडीवर बसविले की ते एकमेकांनाच अडवितात, म्हणून राखणदार एकच ठेवावा. आणि मुदत संपलेला तर काढूनच टाकावा. जुने अँटिव्हायरस निघाले, डिफेंडर जागा झाला, संपूर्ण तपासणीला तीन तास लागले आणि विषाणू सापडला.

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे चेष्टेने म्हणतात. संगणकाच्या क्षेत्रात मात्र फुकटचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला भेद न कळल्याने पुष्कळांचे नुकसान होते. एका प्रकारात मोबदला दुसरीकडून आलेला असतो: सरकारने दिलेला, कंपनीने मूळ वस्तूच्या किमतीत धरलेला, किंवा लिनक्ससारख्या प्रणालीत जगभरच्या कारागिरांनी मिळून केलेला. दुसऱ्या प्रकारात मोबदला आपल्याच खिशातून, पण न सांगता, काढला जातो. ‘अवास्ट’ हे नामांकित मोफत अँटिव्हायरस घ्या. लोक कोणती संकेतस्थळे पाहतात याची माहिती त्या कंपनीने गोळा करून आपल्या उपकंपनीमार्फत विकली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लक्ष डॉलर भरावे लागले. राखणदारच घरातल्या गोष्टी बाहेर सांगू लागला, तर काय म्हणावे? विकतच्या आज्ञावल्यांच्या ‘क्रॅक’ केलेल्या चोरट्या प्रतींची गोष्ट तर बोलायलाच नको. कुलूप तोडून आणलेल्या त्या मालाबरोबर कुलूप तोडणाराही पुष्कळदा घरात येतो, आणि ‘हे भरताना अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचनाही तोच देतो. एवढी स्पष्ट सूचना मिळूनही माणसे ती पाळतात, याचे नवल वाटते.

राखणदाराहून महत्त्वाची आहे ती भिंतीची डागडुजी. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने दीडशे देशांतील दोन लाखांवर संगणक बंद पाडले. ब्रिटनमधील रुग्णालयांतील कामे थांबली. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्यात सापडले. ज्या भगदाडातून ती शिरली, ते बुजविण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच, विनामूल्य पाठविलेला होता. ज्यांनी ‘अपडेट नंतर करू’ म्हटले, तेच प्रामुख्याने बुडाले. संगणक बंद करताना ‘थांबा, सुधारणा चालू आहे’ असे अक्षर उमटले की घरोघरी चडफडाट होतो, तो आवरावा. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्यांचे यंत्र विंडोज ११ पेलू शकते त्यांनी ती घ्यावी. ज्यांचे पेलू शकत नाही, त्यांना लिनक्स बसवून तेच यंत्र आणखी काही वर्षे विनाखर्च चालविता येते. पत्रे लिहिणे, बातम्या वाचणे, नातवंडांचे फोटो पाहणे, एवढ्याला ते पुरते.

दुसरे असे की, रोजच्या वापरासाठी संगणकात साधे खाते असावे. सर्वाधिकार असलेले खाते निराळे ठेवून त्याचा परवलीचा शब्द घरातील एकाच जबाबदार माणसाकडे असावा. जे साध्या खात्यातून शिरते, त्याला सहसा सर्व घराचा ताबा मिळत नाही. फायलींच्या नावांची शेपटे दिसतील अशी योजनाही करून ठेवावी. मे २००० मध्ये प्रेमपत्राचे सोंग घेऊन जगभर फिरलेला विषाणू साध्या मजकुराची फाइल म्हणून आला होता. खरे शेपूट मागे दडलेले होते. आज लग्नपत्रिका आणि विजेच्या थकबाकीची सूचना ही सोंगे प्रचलित आहेत. पडदाभर लाल अक्षरांत ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, या क्रमांकावर बोला’ असे झळकले, तर विषाणू बहुधा त्या क्रमांकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. ती खिडकी मिटावी आणि स्वस्थ बसावे. पैसे गेलेच, तर मात्र स्वस्थ बसू नये. १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक त्याच घटकेला लावावा, कारण रक्कम अडवून धरण्यास पहिले काही तासच उपयोगी पडतात. परवलीचे शब्द बदलावयाचे ते दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून. बाधित यंत्रावरून बदलले तर नवे शब्दही हेराच्या वहीत जातात.

आजोबांचे कागद त्या रात्री साडेअकराच्या सुमारास पुन्हा दिसू लागले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती एक जुना पत्रव्यवहार उघडून शेवटपर्यंत वाचून पाहण्याची. दुसऱ्या दिवशी नातवाने आपल्या खाऊच्या पैशांत बाबांचे थोडे पैसे घालून बाहेरची एक डिस्क आणली. या साऱ्या प्रकरणात झालेला खर्च तेवढाच. सर्व छायाचित्रांची प्रत तिच्यावर काढली आणि लगेच डिस्क संगणकापासून सोडविली. जोडून ठेवलेली प्रत खंडणीखोराच्या हाती मूळ प्रतीबरोबरच सापडते, हे सुनेने त्याला समजावून सांगितले होते. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती डिस्क अर्धा तास जोडली जाते. उरलेले दिवस ती मोडी कागदांच्या त्याच पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात, मूळ कागदांशेजारी असते. झेरॉक्सच्या दुकानात न्यावयाचा पेनड्राइव्ह निराळा केला आहे. त्यावर अर्जाखेरीज काहीही ठेवायचे नाही आणि परत आला की आधी तपासायचा, असे ठरले आहे. रात्री दिंडीचा अडसर आजोबाच पाहतात. माडीवरचा नातवाकडे दिला आहे.