लांब जाणारा बाण आणि राखलेलं मैदान

(कर्जत-खालापूर परिसरातील तरुणांपुढे केलेलं भाषण)



ऑलिम्पिकमध्ये तिरंदाज ७० मीटरवरच्या निशाणावर नेम धरतात. उस्मानी काळात इस्तंबूलमध्ये तिरंदाजीचा वेगळा प्रकार होता. त्यात निशाण नसे, बाण किती लांब गेला एवढंच मोजत. तिरंदाज म्हणून परवाना हवा असेल तर बाण ९०० गेझ, म्हणजे सुमारे ५९४ मीटर जावा लागे. तोझकोपारान इस्केंदर या तिरंदाजाच्या नावावर सुमारे ८४५ मीटरची नोंद आहे.

नुसत्या दंडाच्या जोरावर हे होत नाही. आपल्या खोपोलीचं टाटांचं वीजकेंद्र बघा. १९१५ पासून तिथे हेच तत्त्व चालतं. घाटमाथ्यावर पावसाचं पाणी साठवायचं आणि पाइपातून जोरात खाली सोडायचं. धनुष्य ओढताना ऊर्जा साठते, सोडलं की क्षणात बाहेर पडते.

ते धनुष्य थरांचं असे. मध्ये लाकूड, तिरंदाजाकडच्या बाजूला शिंग, बाहेरच्या बाजूला जनावराचे स्नायुतंतू. शिंग दाब सोसतं, तंतू ताण सोसतात. म्हणून आखूड धनुष्यातही भरपूर ऊर्जा मावते. बाण हलका आणि आखूड, म्हणजे वेग जास्त. आखूड बाण पूर्ण ओढता यावा म्हणून हातावर ‘सिपर’ नावाची खोबण बांधत. दोरी अंगठ्यातल्या अंगठीने ओढत. हवेचा अडथळा असतो, त्यामुळे बाण ४५ अंशांहून थोडा खाली धरायचा. हे सगळं शिकायच्या आधी शागिर्द कितीतरी दिवस नुसतं मऊ धनुष्य ओढायचा सराव करी.

आपल्याकडच्या कातकरी-ठाकर वाड्यांतला तिरकमठा शिकारीसाठी. तिथे अंतर कमी, नेम महत्त्वाचा, म्हणून बाण वजनदार लागतो. एक श्रेष्ठ, दुसरा कमी असं नाही. काम वेगळं, म्हणून हत्यार वेगळं.

पण इतका लांब बाण सोडायला मोकळी जागा लागते. १४५३ मध्ये इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान मेहमद दुसरा याने ‘ओकमैदानी’ हे मैदान तिरंदाजांसाठी राखलं. ती वक्फची जमीन होती, तिथे बांधकामाला मनाई होती. विक्रमी बाण जिथे पडला तिथे नाव कोरलेला दगड उभा करत. विसाव्या शतकात त्या मैदानावर वस्ती झाली. आज त्यातले काही दगड घरांच्या मधे उभे आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने तुर्की तिरंदाजीला वारसा म्हणून मान्यता दिली. कला यादीत आली, मैदान मात्र पूर्ण परत आलं नाही.

कर्जत-खालापुरात आज प्लॉटच्या जाहिराती जागोजागी दिसतात. तुम्ही लहानपणी ज्या मैदानात खेळलात त्याचा सातबारा काढून बघा. जमीन वक्फची आहे, गावाची की खाजगी, हे आधी समजून घ्या. ती सार्वजनिक असेल तर पुढच्या ग्रामसभेला जा. मैदान मैदानच राहावं, मुलांसोबत मुलींनाही तिथे खेळता यावं, असा ठराव मांडा. वाडीतल्या पोरांनाही सोबत घ्या, मैदान त्यांचंही आहे.