थंडीतला पालक निबर नसतो

ओवे गावातून आपल्या बचत गटातर्फे बोलतेय. पौषात आपल्या बायका खारघरला भाजी घेऊन बसतात, तेव्हा गिऱ्हाईक जुडी उलटसुलट करून म्हणतं, "पान जाड आहे, निबर झालाय पालक." आणि आपण पाच रुपये कमी करतो. ते का करू नये, ते आज सांगते.

चिरलेलं वांगं काळं पडतं ना? हवेतल्या प्राणवायूचा तो परिणाम. तशीच झीज झाडाच्या आणि आपल्या शरीरातही चालते. तिला आवर घालणारी द्रव्यं म्हणजे अँटीऑक्सिडंट. क जीवनसत्त्व त्यातलंच एक.

थंडीत ऊन तर पडतं, पण गारठ्यानं झाडाची वाढ मंदावते. घेतलेलं ऊन पूर्ण वापरता येत नाही आणि त्या जादा ताकदीनं पानच होरपळायला लागतं. मग झाड स्वतःला वाचवायला ही द्रव्यं जास्त बनवतं, साखरही साठवतं. पान जाड, गडद होतं, त्यात पाणी कमी राहतं. जपानात तर शेतकरी हिवाळ्यात पालकाच्या प्लास्टिकच्या मांडवाच्या बाजू मुद्दाम उघडतात, काढणीआधी थंडी खाऊ देतात. त्याला तिकडे 'कांजिमे' म्हणतात. तो पालक गोड लागतो, क जीवनसत्त्वही वाढतं.

आपल्याकडे काही निफाडसारखा 5-6 अंशांचा गारठा नाही. रात्री 16-17 अंश म्हणजे आपली थंडी! त्यामुळे फरक जपानइतका नाही पडणार. पण भातकापणीनंतर, नोव्हेंबरच्या मध्याला पालक टाकला तर चाळीसेक दिवसांत, ऐन थंडीत कापायला येतो. मेथीलाही हे मानवतं. लाल माठाला मात्र नाही. तो उन्हाळी जातीचा, गारठ्यात खुरटतो. त्याला थंडीत ताणू नका.

आणि कमावलेलं घालवू नका. जुडी उन्हात पडली की क जीवनसत्त्व झपाट्यानं उतरतं. ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवा. घरी आधी धुवा, मग चिरा. झाकण ठेवून थोडाच वेळ शिजवा आणि खाताना वरून लिंबू पिळा. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं. ज्यांचं रक्त कमी आहे त्यांनी हे जरूर करावं, पण डॉक्टरांच्या लोहाच्या गोळ्या सोडून नव्हे.

पुढच्या वेळी कुणी "निबर" म्हणालं, तर देठ मोडून दाखवा. कट्‌कन मोडला तर कोवळा. भाव तोच सांगा.