न मागता मिळणारं सुख

परदेशी गेलेल्या माणसाला घराची आठवण केव्हा येत असेल? सणावाराला, असं बहुतेकांना वाटतं. ईद आली, लग्नकार्य निघालं, घरात कुणी आजारी पडलं की जीव तुटतो, हे खरंच आहे. पण असे दिवस वर्षाकाठी चार-सहा. त्यांच्यासाठी माणूस मनाची तयारी करून ठेवतो. उरलेल्या साडेतीनशे दिवसांत जे आठवतं, ते फार साधं असतं. इतकं साधं, की कुणाला सांगायलाही संकोच वाटावा.

मी १९९४ ते २००३ अशी नऊ वर्षं दुबईत एका गोदामात कारकून होतो. आमच्या कोकणातल्या मुसलमान मोहल्ल्यांत यात नवल काही नाही. खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन, बाणकोट, या बाजूच्या कितीतरी घरांतला एखादा माणूस आखातात असतोच. हा संबंध तेलाच्याही आधीचा. दुबईला तेल सापडलं १९६६ साली. त्या वर्षापर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालत होता आणि १९५९ पासून खास आखातासाठी आपली रिझर्व्ह बँक वेगळ्या नोटा काढत होती.

तेव्हा मुलूख अगदीच परका नव्हता. मशीद दोन मिनिटांवर, हलाल खाणं कुठंही मिळे, अजानचे शब्द तेच. साबण, दुकान, खुर्ची हे आपल्या मराठीतले शब्द मुळात अरबी. तेही तिथं जवळपास तसेच कानावर पडत. गावी सुटीवर आलो की लोक म्हणायचे, ‘‘तुम्हाला तिथं काय कमी?’’

काय कमी होतं ते सांगतो. पहिलं पाणी. तिथल्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाक्या अशा तापतात, की थंड पाण्याचा नळ सोडला तरी अंग पोळतं. मग आम्ही गीझर बंद ठेवायचो आणि त्यातलंच पाणी अंघोळीला घ्यायचो. आत साठलेलं पाणी जरा निवलेलं असे. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं आणि वैशाखात गार. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

दुसरी झोप. खोलीत आम्ही सहा जण, दुमजली खाटा, एकाची दिवसपाळी तर एकाची रात्रपाळी. ज्या जागेचं भाडं भरायचं, तिचं नावच ‘बेड स्पेस’. गावी दुपारी जेवण झालं की ओटीवर, डोक्याखाली हात घेऊन, वाटेल तिथं आडवं व्हावं. कुणी उठवत नाही, कुणी ‘बरं नाही का’ म्हणून विचारत नाही. तिथं नऊ वर्षांत अशी एक दुपार मिळाली नाही.

आणि जेवण. आम्ही पाळीपाळीनं रांधायचो. खुबूस दुकानातून यायचा, कालवण खोलीत व्हायचं. पोट भरत होतं, तक्रार नाही. तांदळाची भाकरी आठवायची, पण भाकरीपेक्षा अधिक आठवायचं ते हे, की घरी ताटातली संपायच्या आत दुसरी पडते. मला कालवणात आमसूल किती लागतं, हे आई कधी विचारत नसे. खोलीत ज्याची पाळी असेल त्याला रोज सांगावं लागे, बाबा रे, मिरची कमी घाल.

विचार करता करता माझ्या ध्यानात आलं, की घरचं सुख म्हणजे हेच. जे मागावं लागत नाही आणि समजावून सांगावं लागत नाही.

भाषेचंही तसंच. मी मराठीत कविता लिहितो. खोलीत कुणी केरळचा, कुणी हैदराबादचा, एक लाहोरचा. मी मुसलमान, म्हणजे माझी भाषा उर्दूच, असं सगळे धरून चालायचे. त्यांच्याशी मी हिंदी-उर्दूच बोलत असे. पण खाटेला पाय आपटला की तोंडून ‘आई गं’च निघायचं आणि सगळे हसायचे. गावाहून कुणी आलं की सुके बोंबील यायचे, मराठी वर्तमानपत्रात गुंडाळलेले. बोंबील सगळ्यांचे, कागद माझा. भाताचे दर, एसटीच्या वेळा, निधनवार्ता, सगळं वाचून काढायचो. महिन्यापूर्वीच्या त्या बातम्यांचा मला काही उपयोग नव्हता. पण त्या वाचताना मनात उलथापालथ करून अर्थ लावावा लागत नव्हता. धर्म मला तिथं सगळा मिळाला होता. घर मात्र मिळालं नव्हतं.

जूनमध्ये तर हाल. इकडे मृगाचा पाऊस सुरू झाल्याचं फोनवर कळायचं आणि तिथं पारा चाळिशीच्या वर. आमच्यातले काही जण ऑगस्टमध्ये रजा काढून ओमानमधल्या सलालाला जात. नैऋत्य मोसमी वारे तिथल्या डोंगरांना लागतात, भुरभुर पाऊस पडतो, डोंगर हिरवे होतात. नारळी-केळीच्या बागाही आहेत. या हंगामाला तिथं ‘खरीफ’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याचा खरीप तो हाच शब्द. मोठी माणसं दीड-दोन दिवस भिजायला एवढ्या दूर जात. घरी असते, तर हेच लोक पागोळ्यांकडे पाहून ‘आता पुरे’ म्हणाले असते.

आज मोबाईलवर चेहरा दिसतो. अमिरातीत आता १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवावं लागतं. आपल्याकडे तेव्हा दोन ते साडेचार वाजलेले असतात. त्या वेळात कितीतरी जण घरी फोन लावत असतील. फोनवर पैशांचं बोलणं होतं: फी, हप्ता, घराचं राहिलेलं बांधकाम. ते झालंच पाहिजे, त्यासाठीच तर तो गेलेला आहे.

पण ज्यांचं माणूस बाहेर आहे त्यांना माझी एक विनंती आहे. हिशेब झाल्यावर फोन लगेच ठेवू नका. विहिरीचं पाणी कुठवर गेलं, मांजर कुठं व्यालं, आज कालवण कशाचं केलं, तेही सांगा. ‘त्यात काय सांगायचं’ असं तुम्हाला वाटेल, कारण तुम्हाला ते रोज मिळतं. आणि त्यानं विचारण्याची वाट पाहू नका.